धुण्याच्या दगडाएवढी जागा

"काऊन हो, कागद धुऊन राह्यले का?"

तोंडून निघून गेलं आणि मग वच्छलेनं जीभ चावली. आई पुढं गाभाऱ्यात गेली होती. लोणारच्या दैत्यसूदनाच्या देवळात सकाळचं ऊन नुकतंच दगडांवर चढत होतं, आणि भिंतीशी एक तरुण पाठमोरा उकिडवा बसला होता. सदऱ्याच्या बाह्या कोपराच्या वर, शेजारी पाण्याची बादली, आणि हातात ताठ केसांचा ब्रश. भिंतीवर ओला कागद चिकटवून तो त्यावर थापट्या मारत होता... थाप, थाप, थाप. कुणीही म्हटलं असतं, धुणंच चाललंय.

त्यानं मान वळवली. चेहऱ्यावर काळ्या शाईचे तीन ठिपके होते, आणि डोळ्यांत हसू यायच्या बेतात होतं.

"धुतला असता तर फाटला असता," तो म्हणाला. "दगडाले काय म्हणायचं आहे, ते कागदावर उतरवून राह्यलो."

"मग म्हणते का तो काही?"

"थोडं थांबा. आधी वाळू द्या."

थांबायचं काही कारण नव्हतं. ती थांबली. कागद दगडाच्या अक्षरांत रुतून बसला होता. तो अर्धवट वाळल्यावर त्यानं कापडाचा बोळा शाईत बुडवला आणि हलक्या हातानं कागदावर टेकवत नेला. बघता बघता सगळा कागद काळा झाला आणि काळ्यातून पांढरी अक्षरं वर आली, जशी अंधारात एकेक चांदणी दिसू लागते. वच्छलेला वाचता येत होतं, पण ही अक्षरं तिच्या ओळखीची नव्हती. ती पुढं वाकली. हात लावू नका असं तो म्हणेपर्यंत अंगठा टेकला होता.

कागदाच्या कोपऱ्यात तिचा अंगठा उमटला. स्वच्छ, रेघन् रेघ.

"गेला ना तुमचा कागद वाया..." ती पुटपुटली.

तो कागदाकडं बघत राहिला, मग तिच्या काळ्या अंगठ्याकडं. "नाई," तो म्हणाला. "एवढ्या जुन्या लिहिण्यावर सही तेवढी नव्हती. आता झाली."

तेवढ्यात आईची हाक आली. बैलांच्या पडदेवाल्या दमणीत बसेपर्यंत वच्छलेनं अंगठा पदरात लपवून ठेवला होता.

आता खरं सांगायचं तर त्या दिवशी वच्छला लोणारला होती ती देवाच्या ओढीनं नव्हे. ती होती रविवारामुळं.

लोणार आणि मेहकरच्या मधल्या एका गावात तिचं घर होतं. मोठे बाबा म्हणजे हिंमतराव आणि तिचे बाबा महादेवराव, सख्खे भाऊ. दीड वर्षापूर्वीच्या पोळ्याला तोरणाखाली कुणाची बैलजोडी पुढं उभी राहणार, यावरून दोघांचं बिनसलं. मोठा म्हणाला, मी मोठा. धाकटा म्हणाला, जोडी मी पोसली. त्या दिवसापासून आधी चुली वेगळ्या झाल्या, मग वाटणीसाठी मेहकरचं कोर्ट झालं, आणि शेवटी अंगणाच्या मधोमध मातीची भिंत आली. सहा दिवस भांडण कोर्टात आणि वावरात वाटलं जाई. रविवारी कोर्ट बंद. मग दोघंही घरी, भिंतीच्या अलीकडं आणि पलीकडं. एकमेकांशी बोलणं बंद होतं, म्हणून हिंमतराव लिंबाच्या झाडाला ऐकवत आणि महादेवराव म्हशीला.

म्हैस दूध चोरू लागली तेव्हा वच्छलेच्या आईनं, झुंबरबाईनं, नवसाचं नाव काढलं. कसला नवस, हे महादेवरावांनी विचारलं नाही, कारण ते तेव्हा म्हशीशी बोलत होते. रविवार उजाडला की गडी पुंजाजी दमणी जुंपायचा, आणि मायलेकी दिवसभरासाठी कुठल्या ना कुठल्या देवळाला, किल्ल्याला, कुंडाला निघून जायच्या. संध्याकाळी परत येईपर्यंत दोन्ही भाऊ दमलेले असत.

भावांच्या भांडणात वच्छला मात्र मधल्या मध्ये अडकली होती. अठरावं सरत आलं होतं. दोन मागण्या येऊन परत गेल्या होत्या. पहिलं पत्र मोठ्या बाबांच्या नावानं आलं, तर तिचे बाबा म्हणाले, मुलगी माझी आणि विचारणा त्याला, असल्या घरी द्यायची नाही. दुसरं बाबांच्या नावानं आलं, तर मोठ्या बाबांनी भिंतीवरून निरोप धाडला की घरातला वडील अजून जिवंत आहे. मोठे बाबा मांडवात नसले तर बाबा काही लग्न लावणार नव्हते, आणि आपलं नाव मागं आलं तर मोठे बाबा मांडवात येणार नव्हते. गावात आता बायका विचारायच्याही थांबल्या होत्या, आणि ते जास्त लागत होतं.

एकच जागा या सगळ्यातून सुटली होती. अंगणात मधोमध धुण्याचा मोठा दगड होता, आणि भिंत नेमकी त्याच्यावरून जायची होती. त्या वेळी मोठीमाय, म्हणजे हिंमतरावांची तानुबाई, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. हा दगड सासूबाईंच्या सासूच्या काळापासून इथं आहे, हलवला तर घराला दोष लागतो, असं तिनं वाटणी मोजायला आलेल्या कोर्टाच्या अमिनाला तोंडावर सांगितलं. असला दोष कुणी कधी ऐकला नव्हता, पण विषाची परीक्षा कशाला घ्या, म्हणून भिंत दगडाच्या या कडेला थांबली आणि त्या कडेपासून पुन्हा सुरू झाली. मधे उरली ती धुण्याच्या दगडाएवढी जागा. रोज सकाळी दोघी जावा आपापल्या बाजूनं तिथं बसत. कपडे आपटण्याच्या आवाजात काय बोलणं चाललंय, ते नवऱ्यांना कळत नसे.

दुसऱ्या दिवशी तिथंच वच्छलेचा अंगठा पकडला गेला.

"हे काय वं पोरी?" मोठीमाय म्हणाली. "कोर्टात कुठं अंगठा देऊन आली का?"

वच्छला रिठ्यानं घासत राहिली. शाई जाईना. दोघी जावांनी एकमेकींकडं पाहिलं आणि लुगडी पिळायला घेतली.

तो मेहकरच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होता. नाव अर्जुनराव, मूळचा घाटाखालच्या धामणगाव बढ्याचा, सोयरिकीत बसणारा. हे सगळं पुंजाजीनं बैलांना पाणी पाजता पाजता काढून आणलं. मास्तरला सुट्टी रविवारचीच, तेव्हा तो सायकलवर कागदाची गुंडाळी बांधून जुने दगड शोधत फिरे. पुढच्या रविवारी मेहकरच्या कंचनीच्या महालावर जाणार, असं तो देवळात कुणाला तरी सांगत होता, थोडं मोठ्यानंच.

त्या आठवड्यात वच्छलेला कंचनीच्या महालाची फार आठवण झाली. आई म्हणाली, तिथं तर देव नाही. मग म्हणाली, बरं, वाटेत बालाजी आहे.

टेकडीवर पडक्या कमानींतून वारा वाहत होता. आई सावलीला दशम्या सोडत होती, आणि तिला दिसेल अशा बेतानं दोघं एका कमानीखाली उभी होती. वच्छलेनं विचारलं, इथून लोणारच्या देवळातला दिवा दिसायचा म्हणतात, ते खरं का.

"दिव्याचं मले माहीत नाई," अर्जुन म्हणाला. "तुमची दमणी मात्र लई दुरून दिसली."

"तुमी घाटाखालचे लोक असंच गोड बोलता का सगळ्याइशी?"

"घाटाखाली ऊन लई. बोलणं तरी गार पाह्यजे."

ती हसली नाही. निदान तिला तरी तसं वाटलं. पण परतताना पुंजाजी बैलांना म्हणाला, "बरं आहे लेकहो. तुमाले आता रस्ता सांगायचं काम नाई. सायकल दिसली का थांबायचं." आई पडद्याआड डोळे मिटून बसली होती. झोपलेल्या माणसाचे ओठ असे मुडपलेले नसतात, हे वच्छलेला उशिरा सुचलं.

असे पाच रविवार गेले. तुरी वाळल्या, कापसाची शेवटची वेचणी झाली. कधी लोणारच्या धारेवर, कधी तिथल्या आडव्या मारुतीशी, कधी नुसतं तळ्याच्या काठानं. ती बादली भरून आणू लागली, कागदाची कड धरू लागली. कागद धरताना बोटं जवळ येत, आणि दोघंही मग अक्षरांकडं फारच लक्ष देऊन बघत. घरी मात्र ती देवासमोर बसली की तिला काय मागावं कळेना. बाबा आणि मोठे बाबा एक होऊ दे, म्हणावं... पण मग रविवार संपले. म्हणून ती मागायची, एक होऊ दे, पण जरा सावकाश.

सहाव्या रविवारी अवकाळी आभाळ आलं. लोणारच्या तळ्याकाठी पडक्या देवळात त्यानं कागद लावला होता, शाईही लागली होती, आणि टपोरे थेंब सुरू झाले. आई कमळजेच्या देवळात ओटी भरायला बसली होती. वच्छला दमणीकडं धावली, पडदा ओढून काढला आणि तो दोन्ही हातांनी कागदावर धरून उभी राहिली. दुसरी दोन टोकं त्यानं धरली. कापडावर पाऊस वाजत होता. तळ्याचा खारट उग्र वास वर येत होता, आणि त्या छोट्याशा छताखाली बोलायला आता कागदाचं निमित्त उरलं नव्हतं.

तोच बोलला. नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे सरकारी संग्रहालयात, शिलालेखांच्या नकला काढणाऱ्याची जागा निघणार होती. त्यानं अर्ज केला होता. पण तिथं नुसता हात चांगला असून भागत नव्हतं, कुणीच न वाचलेला एखादा दगड सापडला तर गोष्ट वेगळी. एवढे महिने फिरतोय, पण जो दगड पाहावा तो आधी कुणीतरी पाहिलेला.

"आमच्या धुण्याच्या दगडाखाली आहे काहीतरी," वच्छला म्हणाली. "लहानपणी मी तिथं चिंचोके लपवत होती. बोटाले लागायचं. असंच... कोरलेलं. ओळीच्या ओळी."

अर्जुनचे डोळे लकाकले. वच्छलेनं ते पाहिलं, आणि त्याच क्षणी तिला दुसरंही दिसलं. दगड उलटणार. खाली अक्षरं निघणार, कदाचित देवही निघेल. गाव नारळ घेऊन येईल. मग त्याच्यावर कोण धुणं आपटणार? दगड नागपूरला जाईल नाहीतर पारावर जाईल, आणि मोकळी झालेली जागा दोन्ही भाऊ दुसऱ्याच दिवशी विटा-मातीनं बुजवतील. आई आणि मोठीमाय...

तिनं हे सगळं त्याला सांगितलं. पाऊस थांबला होता, तरी दोघांनी पडदा धरूनच ठेवला होता.

अर्जुननं पडद्याचं टोक झटकून साचलेलं पाणी सांडलं. मग म्हणाला, "मी काही ऐकलं नाई. पाऊस लई होता."

पुढच्या रविवारी शाळेतला अजबखाना पाहायचं ठरलं. ते आईनं ठरवलं, वच्छलेनं नाही. अजबखाना म्हणजे एक खोली. काचेच्या बाटलीत साप, पेंढा भरलेलं घुबड, तोफेचा गोळा, आणि भिंतीवर ओळीनं कागदाचे ठसे. आई घुबडापाशी जी थांबली ती थांबलीच. एवढं पाहण्यासारखं त्या घुबडात काही नव्हतं.

दैत्यसूदनाच्या देवळातला ठसा भिंतीच्या मधोमध होता. कोपऱ्यात अंगठा. खाली बारीक अक्षरात त्या दिवसाची तारीख लिहिलेली.

"नागपूरचं काय झालं?" वच्छलेनं हळूच विचारलं.

"अर्ज वापस घेतला. शाळा बरी आहे."

शाळा का बरी आहे ते दोघांना माहीत होतं. ती काचेच्या पेटीवर वाकली. आत जुनी नाणी मांडली होती. एकावर कडेकडेनं अक्षरं फिरलेली, पार गोल.

"मले तुमच्या घरी मागणी घालायची आहे," तो तिच्या शेजारी वाकून, नाण्याकडं बघतच म्हणाला. "माझे बाबा पत्र लिहायले तयार आहेत. पण सांगा, कोणाच्या नावानं लिहू? मोठ्याचं आधी घातलं तर धाकटे नाई म्हणतील, धाकट्याचं घातलं तर मोठे. चार कागद फाडले मी. तुमाले जर मी..." तो थांबला. "तुमाले मी आवडत नसन, तर मग पाचवा फाडत नाई."

वच्छलेचे कान तापले. तिनं काचेवर बोट ठेवलं.

"हे कुठून वाचायचं?"

"काय?"

"नाणं. पहिलं अक्षर कोणतं?"

"पहिलं असं नाई त्याले. जिथून वाचाल तिथून सुरू."

बाहेर पुंजाजी खाकरला. आईनं शेवटी घुबडाचा निरोप घेतला. वच्छला पायऱ्यांपर्यंत गेली, आणि विसरलेलं काही आठवावं तशी परत फिरली.

"मास्तर," ती म्हणाली, "पत्र गोल लिहा."

आणि वळून चालू लागली. दमणी हलेपर्यंत त्याला कळलं नव्हतं. मग पडद्याच्या फटीतून तिला दिसलं, तो शाळेच्या पायरीवर उभा होता आणि हवेत बोटानं वर्तुळ काढत होता.

पत्र आलं ते आठ दिवसांनी. पोस्टमन दोन दारांच्या मधे येऊन उभा राहिला आणि डोकं खाजवू लागला. लिफाफ्यावर तिकिटाभोवती नावं फिरली होती, ड्रॉइंगच्या घोटीव अक्षरात. हिंमतराव महादेवराव हिंमतराव महादेवराव, सुरुवात नाही की शेवट नाही. शेवटी मोठीमायनं दारातून हात काढून ते घेतलं, फोडलं, आणि न वाचताच उलगडून लिफाफ्यासकट धुण्याच्या दगडावर ठेवून दिलं. मग तिनं नवऱ्याला हाक मारली. पलीकडून झुंबरबाईनं आपल्या नवऱ्याला.

वच्छला स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती.

हिंमतरावांनी वाकून पाहिलं. महादेवरावांनीही पाहिलं. दगडावर पत्र एकच होतं, आणि उचलायचं तर कुणी? कुणीच उचललं नाही. दोघं आपापल्या बाजूनं वाचू लागले. आतलाही मायना तसाच, मधोमध मागणी आणि भोवती नावं. हिंमतरावांनी बोटानं कागद आपल्याकडं फिरवला. महादेवरावांनी परत फिरवला. असा तो दोनदा फिरला, तिसऱ्यांदा फिरला.

"माझं नाव आधी आहे," हिंमतराव लिंबाच्या झाडाला म्हणाले.

"माझं आहे," महादेवराव म्हशीला म्हणाले.

कुणीच खोटं बोलत नव्हतं. थोडा वेळ फक्त म्हैस रवंथ करत होती. मग हिंमतरावांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"पोरगं बेणं आहे," ते म्हणाले, आणि या वेळी झाडाकडं बघून नव्हे. "महादेवा, पाह्य ना, कसं लिहिलं आहे बे."

"पाह्यलं," महादेवराव म्हणाले. मग खाली बघून, "दादा, अक्षर चांगलं आहे."

मोठीमायनं तेवढं डोळ्याला पदर लावला आणि चुलीचा धूर फार होतो म्हणाली. चूल विझलेली होती.

साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, मांडव अंगणात मावेना. भिंत आड येत होती. मधल्या जागेच्या दोन्ही अंगांनी चार-चार हात पाडली, नंतर बांधू म्हणाले दोघं, आणि दोघांनाही नंतर वेळ मिळाला नाही. भाऊ एकदम गळ्यात पडले असं कुणी समजू नये. चुली वेगळ्याच राहिल्या, पोळ्याचं काय करायचं तेही ठरायचं होतं. पण रविवारी आता म्हशीशी कुणी बोलत नव्हतं.

पाहुण्यांचं जेवण आटोपल्यावर मोठीमायनं अर्जुनला दगडापाशी बोलावलं. तिच्याजवळ एक पहार उभी होती, दुसरी झुंबरबाईजवळ.

"वच्छीनं सांगितलं मले," ती म्हणाली. "आण तुझा कागद, जावई."

अर्जुन घाबरला. म्हणाला, नको, एकदा देव निघाला तर लोक त्याच्यावर धुऊ देणार नाहीत.

"देव असन तर त्यानं आमचं सगळं बोलणं ऐकलंच आहे इतके दिवस. तू कागद लाव, मग आम्ही पालथा घालतो."

दगड एका माणसाच्या आवाक्यातला नव्हता. हिंमतरावांनी एक पहार घेतली. महादेवरावांनी दुसरी उचलली.

"धर," थोरला म्हणाला.

"धरला."

दगड हळूहळू कुशीवर झाला. खाली देव नव्हता. ओल्या मातीत पाच ओळी होत्या, आणि कडेच्या खळग्यात तीन चिंचोके. वच्छलेनं पाणी आणलं. अर्जुननं दगड धुतला, कागद लावला, आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असा तो ओळखीचा आवाज सुरू झाला... थाप, थाप, थाप. शाई लागली. पांढरी अक्षरं वर आली, तशी सगळी माणसं वाकली. काय लिहिलंय, काय लिहिलंय, म्हणू लागली. एखादं अक्षर लागत होतं, बरीच झिजली होती. बाकीचं मेहकरला बसून वाचावं लागेल, तो म्हणाला, आणि मग नागपूरला धाडू. जाईल तो कागद जाईल, दगड इथंच.

सगळ्यांचे डोळे अक्षरांवर होते. तेवढ्यात त्यानं शाईचा बोळा हळूच वच्छलेपुढं धरला.

तिनं इकडंतिकडं पाहिलं. मग अंगठा शाईत टेकवला आणि कागदाच्या कोपऱ्यात दाबला. त्याच्या शेजारी, अगदी चिकटून, त्यानं आपला उमटवला.

"आता कोणाचा आधी?" तो कानाशी म्हणाला.

"जिथून वाचाल तिथून," वच्छला म्हणाली.

मोठीमायनं कागद निघेपर्यंत धीर धरला. मग पदर खोचून म्हणाली, "चला, पालथा घाला बरं लवकर. उद्या धुणं आहे."